धुळीचे दिवस आणि तातडीचे रुग्ण

हवेच्या प्रदूषणाचे शरीरावर होणारे परिणाम दोन निरनिराळ्या कालमापांवर मोजले जातात. वर्षानुवर्षे दूषित हवेत राहिल्याने फुप्फुसांची क्षमता घटते, हृदयविकार बळावतो, कर्करोगाचा धोका वाढतो; हा दीर्घकालीन परिणाम होय, आणि वृत्तपत्रांतील व सभासंमेलनांतील चर्चा बहुधा त्याच्याभोवतीच फिरते. दुसरा परिणाम मात्र काही तासांत किंवा फार तर दोन-तीन दिवसांत दिसून येतो. हवेतील सूक्ष्म धूळ किंवा घातक वायू एखाद्या दिवशी वाढले, की त्याच दिवशी अथवा लगतच्या दिवसांत धाप लागलेली वृद्ध माणसे, छातीत घरघर होणारी मुले आणि हृदयविकाराचा झटका आलेले प्रौढ रुग्णालयाच्या अपघात विभागात नेहमीपेक्षा अधिक संख्येने येऊ लागतात. हे अल्पकालीन परिणाम एकेका रुग्णाकडे पाहून ओळखू येत नाहीत, कारण कोणत्याही रुग्णाच्या केस पेपरवर ‘कारण : हवा’ असे लिहिलेले नसते, ते ओळखू येतात हवेची रोजची नोंद आणि रुग्णालयाची रोजची नोंद शेजारी ठेवून वाचल्यावर.

या विषयावरील बहुतेक संशोधन मोठ्या शहरांत झाले आहे, आणि त्याचे कारण मोठ्या शहरांतच या दोन्ही नोंदी नियमित ठेवल्या जातात हे होय. म्हणून हा प्रश्न केवळ मुंबई-दिल्लीचा आहे असा समज रूढ झाला आहे, पण तो टिकणारा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या तालुक्यांपैकी नांदुरा हे गाव त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. मलकापूर आणि खामगाव यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर आणि पूर्वी ६ क्रमांकाच्या, आता ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण प्रवाशांना १०५ फूट उंच हनुमानमूर्तीमुळे परिचित आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग यांच्यामधील पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात, म्हणजे जुन्या वऱ्हाडाच्या पयनघाटात, ते येते. येथील माती काळी, पिके कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस एकाच वेळी बाहेर पडू लागतात. नेमका तोच काळ हवा थंड आणि स्थिर होण्याचाही असतो.

हवा स्थिर होते म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्याबरोबर धूर व धूळ उंच नेऊन विखरून टाकते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या थरापेक्षा अधिक थंड आणि जड होते आणि खालीच बसून राहते. या उलट्या मांडणीला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. अशा रात्री चुलींचा धूर, वाहनांचा धूर, पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा व तुराट्यांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ हे सारे घरांच्या छपरांपासून फारसे वर जात नाही, आणि पहाटे गावावर जी निळसर चादर दिसते तिला धुके समजण्याची चूक सर्रास होते. वाऱ्याचा वेगही या महिन्यांत कमी असतो. त्यामुळे जून-जुलैत जेवढा धूर कोणाच्या लक्षातही येणार नाही, तेवढाच धूर डिसेंबरात कितीतरी अधिक दाट भासतो.

धुळीचे मोजमाप तिच्या कणांच्या आकारावरून करतात. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान व्यासाच्या कणांना ‘पीएम १०’ आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांना ‘पीएम २.५’ अशी नावे आहेत. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते ७० मायक्रोमीटर असते. रस्त्याची, शेताची आणि मळणीची धूळ प्रामुख्याने मोठ्या कणांची असून ती बरीचशी नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकते, तर ज्वलनातून निघणारे कण बहुतांशी बारीक असतात आणि फुप्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. भारताच्या २००९ मधील राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि पीएम १० ची १०० च्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ४५ आहेत. दोहोंतील हे अंतर मोठे आहे, आणि ‘मानकाच्या आत’ असलेली हवा म्हणजे निरुपद्रवी हवा असा अर्थ त्यामुळे काढता येत नाही. वर्तमानपत्रांत दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक हा अशा अनेक घटकांची मोजमापे ० ते ५०० या एकाच पट्टीवर आणून त्यांतील सर्वांत वाईट घटक दाखवणारा आकडा आहे. त्यात २०० च्या पुढे हवा ‘वाईट’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ मानतात.

बारीक कण वायुकोशांत पोचले की तेथील पेशी त्यांना परका पदार्थ मानून दाह सुरू करतात. ज्याला आधीपासून दमा आहे, त्याच्या श्वासनलिका मुळातच संवेदनशील असल्याने त्या आकुंचन पावतात, त्यांच्या आतील अस्तर सुजते, चिकट कफ वाढतो आणि श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. विडी-सिगारेटमुळे किंवा अनेक वर्षे चुलीपुढे बसल्यामुळे ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, म्हणजेच ज्यांना ‘सीओपीडी’ हा आजार आहे, त्यांच्याकडे तर झीज सोसण्याइतकी राखीव क्षमताच उरलेली नसते. त्यांना एक-दोन वाईट दिवसही पुरेसे होतात. येथपर्यंतचा भाग लोकांना साधारणपणे ठाऊक असतो. हृदयावरचा परिणाम मात्र फार थोड्यांना माहीत असतो, आणि जीवितहानीच्या दृष्टीने तोच अधिक गंभीर आहे. फुप्फुसांतील दाहाचे रासायनिक संदेश रक्तात उतरतात, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाचे ठोके नियंत्रित करणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचा तोल ढळतो आणि रक्तवाहिन्या आखडतात. ज्याच्या हृदयधमनीत आधीच चरबीचा थर साचलेला आहे अशा माणसाला हृदयविकाराचा झटका येण्यास यांतील एखादी गोष्टही निमित्त ठरू शकते. हृदयाचे हे परिणाम बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात, तर श्वसनाचे परिणाम दोन-तीन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळतात.

हे सारे कार्यकारणाने जोडलेले आहे, निव्वळ योगायोग नाही, हे सिद्ध करणे सोपे नव्हते. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात कोळशाचा धूर आणि धुके एकत्र कोंडून राहिले तेव्हा सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले, आणि पुढे २००१ साली केलेल्या फेरतपासणीत तो आकडा लगतचे महिने धरून १२,००० च्या आसपास काढण्यात आला. परंतु एवढी भीषण आपत्ती डोळ्यांनी दिसते. रोजचा, मध्यम प्रतीचा वाईट दिवस तसा दिसत नाही. त्यासाठी अमेरिकेतील युटा खोऱ्यातील एका घटनेचा फार उपयोग झाला. तेथील पोलाद कारखाना कामगार-मालक वादामुळे ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद राहिला. अर्थशास्त्राचे अभ्यासक आर्डेन पोप यांनी कारखाना चालू असतानाचे हिवाळे आणि बंद असतानाचा हिवाळा यांची तुलना केली, तेव्हा चालू असतानाच्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस व दम्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांची संख्या दुप्पट-तिप्पट आढळली. डोंगर तेच, थंडी तीच, मुले त्याच गावांतली. बदलला होता तो धूर.

अशी संधी वारंवार मिळत नाही, म्हणून संशोधकांनी गणिती पद्धती विकसित केल्या. त्यांपैकी एकीत अनेक वर्षांचे रोजचे प्रदूषण आणि रोजच्या रुग्णसंख्या यांची शृंखला मांडून तापमान, आर्द्रता, तापाची साथ, आठवड्याचा वार आणि सणवार यांचा परिणाम आधी वेगळा काढतात, आणि उरलेल्या चढउतारांत प्रदूषणाचा वाटा किती हे पाहतात. कारण सोमवारी गर्दी वाढते ती रविवारी दवाखाना बंद असल्यामुळेही असू शकते. दुसरी पद्धत माल्कम मॅक्लूर यांनी १९९१ साली मांडली. तिच्यात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करतात: तो ज्या मंगळवारी रुग्णालयात आला त्या दिवशीची हवा आणि त्याच महिन्यातील इतर मंगळवारची हवा. वय, विडीचे व्यसन, गरिबी, घरातील चूल या गोष्टी महिन्याभरात बदलत नसल्यामुळे त्या आपोआप गणिताबाहेर जातात. जगभरच्या अशा अभ्यासांचे एकत्रित उत्तर साधारणपणे असे आहे की पीएम २.५ मध्ये प्रति घनमीटर १० मायक्रोग्रॅमची वाढ झाली, तर श्वसनविकारांसाठी आणि हृदयविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे १ टक्क्याने वाढते.

१ टक्का हा आकडा क्षुल्लक वाटतो, आणि येथेच सामान्य वाचकाची फसगत होते. उत्तर भारतातच काय, महाराष्ट्राच्या शहरांतही हिवाळ्यात पीएम २.५ चे प्रमाण पावसाळ्यापेक्षा ५० ते १०० मायक्रोग्रॅमनी वर जाऊ शकते. एखाद्या रुग्णालयात रोज धाप लागलेले २० रुग्ण येत असतील, तर अशा दिवशी २१ किंवा २२ येतील. ड्युटीवरच्या डॉक्टरला हा फरक जाणवणे अशक्य आहे, रुग्णाच्या घरच्यांना तर नाहीच नाही. आणि तरीही लाखो लोकांच्या वस्तीत, शंभर-दीडशे दिवसांच्या हंगामात, या एकेका-दोघादोघांची बेरीज मोठी होते. ज्या हानीचे दर्शन कोणालाच होत नाही तिच्याविरुद्ध कोणी तक्रारही करत नाही, म्हणून मोजणीला इतके महत्त्व आहे.

काही वेळा मात्र फरक इतका तीव्र असतो की अपघात विभागातील माणसालाही तो दिसतो, आणि अशा उदाहरणांपैकी सर्वांत बोधक उदाहरण नांदुऱ्याला चांगल्याच परिचित असलेल्या पिकाचे आहे. स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी डॉक्टरांच्या असे लक्षात आले, की वर्षातील काही ठरावीक दिवशी दम्याचे अत्यवस्थ रुग्ण अचानक काही तासांत लोंढ्याने येतात आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. त्यांनी शहरातील चार मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागांच्या नोंदी एकत्र केल्या. १९८१ ते १९८७ या काळात असे २६ उद्रेक झाल्याचे त्यांना आढळले. पहिला संशय साहजिकच वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरावर गेला, पण रुग्ण नेमके कोठे होते आणि किती वाजता त्रास सुरू झाला हे नकाशावर मांडल्यावर ते बंदराच्या बाजूला आणि वाऱ्याच्या दिशेत एकवटलेले दिसले. मग बंदरातील जहाजांच्या मालाची यादी तपासण्यात आली. १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांतील उद्रेकाचे सर्व १३ दिवस सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळले.

सोयाबीन जहाजातून साठवणुकीच्या उंच मनोऱ्यांत ओतताना त्याच्या टरफलांची बारीक भुकटी उडत होती, आणि त्यांपैकी एका मनोऱ्यावर ती रोखणारी कापडी गाळणी बसवलेली नव्हती. वाऱ्याचा वेग मंद आणि दिशा शहराकडची असेल त्या दिवशी ही भुकटी वस्तीवर पसरे. उद्रेकात सापडलेल्या रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची विशिष्ट प्रतिद्रव्ये, म्हणजे ॲलर्जीची खूण, सुमारे ७४ टक्के रुग्णांत आढळली. इतर वेळी दम्यासाठी आलेल्या रुग्णांत ती ५ टक्क्यांहून कमी होती. झोसेप मारिया आंतो, जॉर्डी सुन्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध केले, मनोऱ्यांवर गाळण्या बसवण्यात आल्या आणि उद्रेक थांबले. ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने मुख्यतः दाण्याच्या टरफलात असतात, हेही या शोधातून पुढे आले.

या उदाहरणावरून नांदुऱ्यातही तसेच घडते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण हजारो टन माल गिळणारा बंदरातील मनोरा आणि बाजार समितीच्या ओट्यावरील ढीग यांच्या धुळीचे प्रमाण सारखे नसते, आणि ॲलर्जी कोणाला जडावी यालाही अनेक कारणे असतात. पण ऑक्टोबरात मळणीयंत्रापुढे उभा असलेला मजूर कुटाराच्या ज्या ढगात तासन्‌तास काम करतो, किंवा ट्रॉली उपडी होताना, पोती रिकामी करताना आणि चाळणी लावताना हमाल-मापाऱ्यांच्या अंगावर जी भुकटी बसते, तीत टरफलाचाच अंश अधिक असतो, हे नाकारता येत नाही. नाकाला बांधलेला दुपट्टा ठसका थांबवतो, मोठे कण अडवतो. बारीक कण त्याच्या विणीतून सहज आत जातात, आणि त्यांना रोखण्यासाठी एन ९५ प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच लागतो. कोरोनाच्या काळात हा मास्क खेडोपाडी पोचला होता. मळणीच्या आणि मोजमापाच्या कामासाठी तो का मागे राहिला, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

कापसाच्या धुळीची गोष्ट आणखी जुनी आहे. सूतगिरण्यांत, विशेषतः पिंजणाच्या खात्यात काम करणाऱ्यांना ‘बिसिनोसिस’ नावाचा फुप्फुसविकार जडतो, आणि त्याची सुरुवातीची खूण अशी, की आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढच्या दिवसांत हा त्रास कमी होतो आणि पुढील सुटीनंतर पुन्हा उद्भवतो. अल्पकालीन परिणामाचे इतके स्वच्छ रूप क्वचितच पाहायला मिळते, कारण येथे आठवड्याचा वारच निदान सांगतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करताना उडणारी धूळ आणि तंतू पिंजणाच्या खात्याहून निराळे असले, तरी हंगामी मजुराच्या केस पेपरवर तो कोणते काम करतो आणि त्रास कोणत्या वारी सुरू झाला एवढे दोन शब्द लिहिणे डॉक्टरला कठीण नाही.

भारतातील पुराव्याकडे वळल्यास त्यात मुंबईचे स्थान आरंभीचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार या तीन वस्त्यांतील आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागातील रहिवाशांची तपासणी करून हवेतील प्रदूषण आणि श्वसनविकार यांचा संबंध दाखवला, आणि त्यांचे पहिले निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. त्या काळी देशात या विषयाची फारशी वाच्यता नव्हती. दिल्लीत १९९७-९८ मध्ये एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागातील नोंदींचा अभ्यास झाला. त्यातून प्रदूषके मर्यादेबाहेर गेल्यामुळे दम्याच्या तातडीच्या भेटी सुमारे २१ टक्क्यांनी, श्वासनलिकांच्या जुनाट आजारांच्या २५ टक्क्यांनी आणि तीव्र हृदयविकाराच्या २४ टक्क्यांनी वाढल्याचे अनुमान निघाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भारतीय शहरांच्या अभ्यासात २००८ ते २०१९ या काळातील सुमारे ३६ लाख मृत्यूंची तपासणी करण्यात आली. त्यात दोन दिवसांच्या सरासरी पीएम २.५ मध्ये १० मायक्रोग्रॅमची वाढ झाल्यास रोजच्या मृत्यूंत १.४२ टक्के वाढ होते असे आढळले, आणि अल्पकालीन प्रदूषणामुळे होणाऱ्या मृत्यूंचा वार्षिक अंदाज मुंबईसाठी सुमारे ५,१०० आणि पुण्यासाठी सुमारे १,४०० देण्यात आला. मुंबई-पुण्याची हवा दिल्लीहून बरी असते, या समाधानाला या आकड्यांनी फारसा आधार ठेवलेला नाही.

केंद्र सरकारच्या ‘हवामान बदल आणि मानवी आरोग्य’ या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आता निवडक रुग्णालयांच्या अपघात विभागांतून तीव्र श्वसनविकारांच्या रुग्णांची नोंद नियमितपणे मागवली जाते. दिल्लीतील सहा मोठ्या रुग्णालयांत २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत असे दोन लाखांहून अधिक रुग्ण आल्याचे याच व्यवस्थेमुळे कळले. दुसरीकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील जी शहरे समाविष्ट आहेत, त्यांत नांदुऱ्याच्या पूर्वेला अकोला आणि पश्चिमेला जळगाव येते. या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात, पारस आणि दीपनगर या दोन औष्णिक वीज केंद्रांच्या दरम्यान, महामार्गालगत अनेक तालुक्यांची गावे आहेत. तेथील हवा अकोल्याच्या किंवा जळगावच्या आकड्यांवरून समजावून घेणे म्हणजे शेजारगावच्या पर्जन्यमापकावरून आपल्या शिवारातला पाऊस ठरवण्यासारखे आहे.

म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील अपघात विभागाच्या नोंदवहीकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. तिच्यात सर्वसाधारणपणे तारीख, वेळ, नाव, वय, गाव, तक्रार, निदान, दिलेले उपचार आणि पुढे कोठे पाठवले हे रकाने असतात. धाप लागलेला रुग्ण आला की ‘दम लागणे, दोन दिवस’ असे काहीतरी घाईत लिहिले जाते, नेब्युलायझरने औषधाची वाफ दिली जाते, ऑक्सिजन लावला जातो, आणि उतार पडला नाही तर खामगाव किंवा अकोल्याला हलवले जाते. रुग्णाबरोबर त्याची नोंदही हलते: अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो त्या रुग्णालयाच्या आकड्यांत जमा होतो, आणि त्याचा त्रास नांदुरा तालुक्यातील कोणत्या गावात, किती वाजता, काय करताना सुरू झाला हे मागेच राहते. जो रुग्ण थेट खाजगी दवाखान्यात जातो त्याची गणना तर कोठेच होत नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांना उत्तर सापडले ते वेळ आणि ठिकाण हे दोन रकाने नीट भरलेले होते म्हणून.

विदर्भाला अशा नोंदींचे मोल एकदा कळून चुकले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. रुग्णालयात एकापाठोपाठ एक दाखल होणाऱ्या रुग्णांमुळेच त्या संकटाची व्याप्ती उघड झाली. फवारणीच्या विषबाधेतही श्वास कोंडतो, छातीत कफ दाटतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापूसपट्ट्यातील रुग्णालयात आलेल्या प्रत्येक धापेचे खापर धुळीवर किंवा दम्यावर फोडणे त्यामुळे धोक्याचे आहे, आणि अभ्यासासाठीही ते घातक आहे: एका कारणाचे रुग्ण दुसऱ्या कारणाच्या खात्यात पडले की दोन्ही हिशेब बिघडतात. नोंदवहीत फवारणी, मळणी, जिनिंग, चूल, फटाके असा संदर्भ एका शब्दात येऊ शकला, तर दोन-तीन हंगामांत तिच्यातून जे दिसेल ते कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय दिसलेले असेल.

पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अटलांटा शहरात १९९६ च्या ऑलिंपिकच्या काळात वाहतुकीवर नियंत्रण आणल्यावर मुलांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांत मोठी घट झाल्याचे प्रथम जाहीर झाले, परंतु पुढच्या तपासणीत त्याच काळात आसपासच्या प्रदेशातही ओझोन हा प्रदूषक वायू कमी झाला होता असे दिसले आणि मूळ निष्कर्ष डळमळीत झाला. त्याचप्रमाणे प्रदूषण फार वाढलेल्या शहरांत प्रत्येक अधिक मायक्रोग्रॅमचा परिणाम हळूहळू कमी होत जातो, म्हणून स्वच्छ हवेच्या देशांतील टक्केवारी उचलून येथे तशीच लावता येत नाही. यावरून शंका घेण्यापेक्षा स्थानिक मोजणी अधिक नेटाने करावी, हाच मार्ग उरतो.

दरम्यान, आज हाताशी असलेल्या ज्ञानाचाही उपयोग होऊ शकतो. आजची हवा बिघडली तर अपघात विभागावरचा ताण आज, उद्या आणि परवा वाढणार आहे, हे निश्चित असल्याने दिवाळीच्या आधी आणि थंडीची स्थिर हवा सुरू होताच ग्रामीण रुग्णालयात नेब्युलायझरची औषधे, ऑक्सिजन आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ वाढवून ठेवता येते. दम्याच्या रुग्णाने त्रास होईल तेव्हाच पंप ओढायचा ही रूढ सवयही मोडली पाहिजे. दाह कमी करणारा रोजचा पंप नियमित घेतलेल्या रुग्णाला वाईट दिवस बराच कमी जाणवतो, आणि पंपाची सवय लागते हा समज निराधार आहे. हवा दाट असेल त्या पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन चढल्यावर, व्युत्क्रमण मोडल्यावर जाणे हृदयरोग्याला अधिक हिताचे असते. बोलताना वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, किंवा मूल श्वास घेताना बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, तर घरी वाफ घेत सकाळची वाट पाहण्यात अर्थ नसतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्याच वेळी बोलवावी. छातीत दडपण येऊन घाम फुटला, वेदना डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, तर ती पित्ताची किंवा गॅसची आहे असे समजून सोडा पिण्यात जाणारे दोन तास नांदुऱ्याहून अकोल्यापर्यंतच्या प्रवासाआधीच खर्ची पडतात. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा, मग ती पहाट धुराची असो वा नसो.